मु. पो. पनवेल, पोर्ट २५

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर मध्यमवर्गीय माणसाचा विश्वास बसत नाही आणि विकत घ्यायला त्याचा हात खिशात जात नाही. या दोन अडचणींच्या मधल्या बोळातून जे उद्योग जन्माला येतात, त्यांतला एक म्हणजे घरच्या घरी मेल सर्व्हर चालवणे.

माझ्या बाबतीत निमित्त किरकोळ होतं. वर्षानुवर्षं वापरलेली फुकटची मेलपेटी भरली. आत काय होतं म्हणाल, तर विम्याच्या आठवणी, कोणाकोणाच्या बारशांचे न उघडलेले फोटो आणि 'प्रिय ग्राहक' या नावाने आलेली अपार माया. यातलं काहीतरी काढा, नाहीतर दरमहा १३० रुपये भरा, असा निरोप आला.

"भरून टाका की," बायको म्हणाली.

"प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे."

तत्त्वाचा प्रश्न निघाला की पुढे किती पैसे जातात याला धरबंध राहत नाही, हे तिला संसारात पक्कं कळून चुकलेलं आहे. तिने काही न बोलता गॅस बारीक केला.

शिवाय तालुक्याची परंपरा आड येत होती. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली आमच्याच तालुक्यात, शिरढोणला जन्मले. परक्या सत्तेपुढे मान न झुकवणं इथल्या पाण्यात आहे. त्यांनी ब्रिटिश साम्राज्याला ललकारलं, मी १३० रुपयांना. सामान्य भारतीयाला इंटरनेट मिळालं तेही १९९५ सालच्या १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमकडून. मेलपुरतं ते स्वातंत्र्य अजून माझ्या दारात पोहोचलेलं नाही, अशी माझी खात्री पटली.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मामा, तू काहीही कर. वेबसाइट चालव, दारावर कॅमेरे लाव, गच्चीत सोलर बसव. पण मेल सर्व्हर नको."

"का रे?"

"आमच्याकडे त्या कामाला जी मुलं आहेत ना, त्यातली निम्मी रक्तदाबाच्या गोळ्या घेतात."

"मी आधीपासूनच घेतो," मी म्हणालो. मुख्य पात्रता माझ्याकडे होती.

मूळ कल्पना पाहिली तर फार भोळी आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला. त्यात काय लिहिलं होतं ते पुढे त्यालाच धड आठवेना. म्हणजे मेलमध्ये लक्षात ठेवण्यासारखं काही नसण्याची प्रथा पहिल्या दिवसापासूनची आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या देवाणघेवाणीचे नियम नीट लिहून काढले. एक सर्व्हर म्हणतो, 'हेलो, मी अमुक.' समोरचा म्हणतो, '२५०', म्हणजे बरं. 'हे पत्र तमुककडून आलंय.' '२५०.' 'फलाण्याला द्यायचंय.' '२५०.' तुम्ही खरोखर अमुक आहात कशावरून, हे विचारायची सोयच नव्हती, कारण सगळी विद्यापीठातली, तोंडओळखीची माणसं. खरं तर १९७८ सालीच गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीचे संगणक खपवण्यासाठी सुमारे चारशे लोकांना एकगठ्ठा मेल टाकून या भोळेपणाची परीक्षा घेतली होती. त्या एका माणसाच्या उत्साहाचे हप्ते आता मी पनवेलमध्ये फेडतो आहे.

भाच्याचा जुना डेस्कटॉप टीव्हीच्या कपाटाखाली, इन्व्हर्टरला खेटून बसवला. त्यावर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर चढवलं. वीट्से व्हेनेमा या डच संगणकतज्ज्ञाने ते आयबीएममध्ये असताना लिहिलं आणि १९९८ साली जगाला फुकट दिलं. त्याआधी सेन्डमेलचं राज्य होतं. त्याची सेटिंगची फाइल पाहिली की कोणीतरी कीबोर्डवर बसून उठलंय असं वाटे. त्या मानाने पोस्टफिक्सची फाइल वाचता येते. वाचता येते म्हणजे फक्त वाचता येते. मायहोस्टनेम, मायओरिजिन, मायडेस्टिनेशन... मी कोण, कुठून आलो, कुठे पोचायचं? साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला रात्री साडेअकराला असे प्रश्न विचारू नयेत. मी तिन्ही ठिकाणी पनवेल भरलं आणि झोपलो.

सकाळी नेटवाल्याचा पोरगा आला.

"मला आयपी फिक्स पाहिजे," मी म्हणालो.

"काका, बिल फिक्स आहे. आयपी फिरता आहे. तोही तुमचा एकट्याचा नाही, अख्ख्या गल्लीला मिळून एक आहे."

"मग माझा एकट्याचा द्या. आणि मेलचं दार, पोर्ट पंचवीस, उघडा."

"पंचवीस बंद असतं, काका."

"कोणी केलं?"

"वरून."

'वरून' या शब्दापुढे आपल्याकडे चौकशी थांबते. मी थांबलो नाही. पत्ते बदलत वर गेलो, तिथल्या माणसानेही बोट वरच केलं. शेवटी 'छोटा उद्योजक' म्हणून एक अर्ज भरला. उद्योगाचं स्वरूप या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा 'टपाल' लिहिलं. महिन्याला वेगळे पैसे भरून आयपी मिळाला. पोर्ट उघडलं. मग मी रिव्हर्स डीएनएस मागितला. नाव विचारलं की आकडा, म्हणजे आयपी, सांगणारी नोंद मी स्वतः करू शकतो, पण आकडा विचारल्यावर नाव सांगणारी उलटी नोंद ज्याचा आकडा त्यानेच करायची असते, आणि ती नसेल तर मोठे सर्व्हर दारात उभं करत नाहीत.

"रिव्हर्स?" पोरगा म्हणाला. "काका, फॉरवर्ड तरी चालू द्या."

यथावकाश सगळं जुळलं आणि एक सुखद गोष्ट कळली. नियमानुसार प्रत्येक मेल सर्व्हरवर 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ता असलाच पाहिजे आणि त्यावर आलेलं पत्र घेतलंच पाहिजे. म्हणजे मी रीतसर पोस्टमास्तर झालो. तेही पनवेलच्या टपाल नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर! मुलाने पोस्टात चिकटावं अशी आमच्या वडिलांची फार इच्छा होती. ते असते तर त्यांनी आधी पगार विचारला असता, हा भाग सोडा.

पोस्टमास्तर होताच पहिला मेल भाच्याला लिहिला. तो परत आला. खाली सही होती मेलर डीमनची. दुसरा लिहिला, त्यालाही डीमनचंच उत्तर. चार-आठ दिवसांनी बायकोने चष्मा सावरत स्क्रीनकडे पाहिलं.

"हे डीमन कोण? रोज लिहितात तुम्हाला. बरे गृहस्थ दिसतात."

मेल परत येण्याचं कारण असं की माझा आकडा काळ्या यादीत होता. एका नव्हे, बऱ्याच याद्यांत. हा आकडा माझ्याआधी ज्याच्याकडे होता त्याने त्यावरून औषधं विकली होती. कसली, ते इथे सांगत नाही. यादीतून नाव काढायचं तर फॉर्म भरावा लागतो. त्यात प्रश्न होता : 'असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून आपण काय उपाय केलेत?' न केलेल्या धंद्याबद्दल मी इंग्रजीतून खेद व्यक्त केला आणि यापुढे अशी औषधं विकणार नाही असं वचन दिलं. त्या यादीतून सुटलो. मग कळलं, घरगुती जोडण्यांच्या आकड्यांची आणखी एक यादी असते. तिच्यात यायला काही पाप करावं लागत नाही, घरात राहिलं की पुरतं.

पुढे कागदपत्रांचा टप्पा आला. माझ्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्र पाठवायचं हे जाहीर करणारा एसपीएफ, प्रत्येक पत्रावर मोहोर उठवणारा डीकेआयएम आणि या दोन्ही परीक्षांत नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारा डीमार्क. डीकेआयएमची जाहीर चावी म्हणजे अर्थहीन अक्षरांची लांबलचक माळ. डीएनएसच्या नोंदीत एका तुकड्यात २५५ च्या वर अक्षरं मावत नाहीत, म्हणून ती तोडून अवतरणचिन्हांत घालायची. मी तोडली, घातली, तरी मोहोर चुकीचीच निघे. रात्री दोन वाजता भिंग लावून अक्षर अक्षर ताडून पाहिलं, तेव्हा जोडावर एक अवतरणचिन्ह सरळ असायच्या ऐवजी छापील पद्धतीचं, बाकदार निघालं. पूर्वी मराठी टाइप केलेल्या फाइलमधून चिकटवल्यामुळे भाषेचे संस्कार लागले होते त्याला.

डीमार्कमध्ये तीन पर्याय असतात : खोट्या पत्राचं काही करू नका, बाजूला ठेवा किंवा फेकून द्या. सुरुवातीला 'काही करू नका' हाच निवडावा, असा जाणकारांचा सल्ला आहे. गृहनिर्माण संस्थांच्या कारभारात मुरलेल्या माणसाला हा पर्याय समजावून सांगावा लागत नाही. डीमार्कचा एक फायदा मात्र मानला पाहिजे. जगभरच्या मोठ्या कंपन्या 'तुमच्या नावाने काल आमच्याकडे अमुक इतकी पत्रं आली' असा अहवाल दररोज पाठवतात. मला न चुकता लिहिणारे ते पहिले पत्रमित्र. मजकूर यंत्राने यंत्रासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे निदान तब्येत विचारत नाहीत.

आणि ही सगळी कागदपत्रं गोळा केल्यावर समजतं, की स्पॅम पाठवणाऱ्यांची कागदपत्रं कायम चोख असतात. एसपीएफ आहे, डीकेआयएम आहे, सगळं आहे. घोळ असतो तो माझ्यासारख्याच्या कागदांत.

दार उघडं झाल्याची वार्ता जगाला माझ्या नातेवाइकांआधी लागली. सर्व्हर चालू होऊन चहा व्हायच्या आत लॉगमध्ये ओळी सरकू लागल्या. कुठकुठचे सज्जन 'अॅडमिन', 'इन्फो', 'सेल्स' या नावांनी पासवर्ड आजमावत होते. आमच्याकडे सेल्स विभाग नाही हे कोणी कोणाला सांगायचं? भाच्याच्या सल्ल्याने फेल-टू-बॅन बसवलं. पासवर्ड काही वेळा चुकला की ते त्या आकड्यालाच हाकलून देतं. मोठी गुणी व्यवस्था. त्याच रात्री बायकोने फोनवर मेल उघडायचा प्रयत्न केला. पासवर्डमध्ये मी मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि डॉलरचं चिन्ह घातलं होतं, आणि तिने डॉलर सोडून सगळं बरोबर घातलं. आमचं सगळं घर एकाच आकड्यामागे राहत असल्यामुळे फेल-टू-बॅनने घरच हाकलून दिलं. मी, ती, टीव्ही, सगळे बाहेर. आत फक्त सर्व्हर.

"अहो, घर माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. हे फेल-टू-बॅनला सांगायची सोय नाही.

स्पॅम थोपवायला ग्रेलिस्टिंगही सुरू केलं. या युक्तीत अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा '४५०' सांगून परत पाठवायचं : आता नाही, थोड्या वेळाने या. खरा असेल तो पुन्हा येतो, भुरटा येत नाही. परदेशात ही कल्पना २००३ साली कोणाला तरी सुचली म्हणून तिचं केवढं कौतुक. आपल्या कुठल्याही कचेरीत खिडकीमागे बसलेल्या गृहस्थाला ती जन्मतः येते. एकच अडचण झाली. बँकेचा ओटीपी मेलवर येई, माझा सर्व्हर त्याला 'थोड्या वेळाने या' म्हणे, तो सभ्यपणे पंधरा मिनिटांनी येई, आणि त्याचं आयुष्य दहा मिनिटांचं असे.

बँकेतला प्रसंग वेगळाच. काउंटरवरच्या मुलीने पत्ता विचारला.

"अॅटच्या पुढे, काका?"

"माझं आडनाव, डॉट इन."

"आडनाव झालं. आता पुढे जीमेल घालू?"

"नाही, जीमेल नाही. माझं स्वतःचं आहे."

"स्वतःचं जीमेल?" ती कौतुकाने म्हणाली आणि घातलंच.

मेल कुठे अडकतो याचा शोध घेताना जुनी कथा वाचनात आली. नव्वदच्या दशकात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या ट्रे हॅरिस यांना संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांनी कळवलं, की आमचा मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही. संख्याशास्त्रज्ञच ते. रीतसर मोजमाप करून सांगत होते. आणि ते खरं निघालं! सर्व्हरवर सेन्डमेलची जुनी आवृत्ती परत बसली होती. नव्या सेटिंगा तिला न कळल्यामुळे समोरच्याच्या उत्तराची वाट पाहायची मुदत शून्य झाली होती. हे शून्य प्रत्यक्षात सुमारे तीन मिलिसेकंद भरे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम साडेपाचशे मैल जातो. वाचून अंगावर काटा आला. लगेच नागपूरच्या मेव्हण्याला मेल टाकला. पोचला. दिल्लीतल्या मित्राला टाकला. नाही पोचला! आपलंही प्रकरण प्रकाशाच्या वेगापर्यंत गेलं या आनंदात मी नकाशा आणि कंपास काढला. मग खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना टाकला. तोही नाही पोचला. कंपास परत ठेवला.

शेवटी पावसाळ्याने निकाल लावला. वीज गेली, इन्व्हर्टरने जीव टाकला, आणि बाहेर जेसीबीने कोणाची तरी केबल तोडली. पनवेलमध्ये रस्ता कोण खोदतंय हे विचारू नये, खोदणाऱ्यालाही ते नक्की ठाऊक नसतं. सुदैवाने मेलचे नियम लिहिणारे लोक समंजस. सर्व्हर झोपलेला दिसला तर समोरचे सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन पाहतात. माणसं इतकी थांबत नाहीत. भाच्याने सांगितलं, जाणारा मेल एखाद्या पैसे घेणाऱ्या सेवेमार्फत पाठव, त्यांची बाजारात पत असते. मी तेही केलं. बायकोने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला : आयपी, डोमेन, विजेचं बिल, इन्व्हर्टरची नवी बॅटरी, पत असलेली सेवा. बेरजेखाली दोन रेघा मारून तिने शेजारी १३० लिहिलं आणि पान टाचणीने माझ्या सर्व्हरवर, म्हणजे कपाटाच्या दारावर, लावलं.

पण सांगायची गोष्ट अशी की सर्व्हर सुधारला. मेल जाऊ लागले, येऊ लागले, ठरल्या वेळी, ठरल्या पेटीत. आणि खऱ्या संकटाला तिथून सुरुवात झाली.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे ऐकलं. "साहेब, सोसायटीलाही एक पत्ता काढून द्या. नोटिसा छापायचा खर्च वाचेल." वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. मी पत्ता काढून दिला. नोटिसा गेल्या, थकबाकीच्या याद्या गेल्या, रंगकामाच्या वर्गणीची आठवणही गेली.

सभेत नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावरचे सभासद उठले. "मला नोटीस मिळालेली नाही. सभा बेकायदेशीर आहे." त्यांच्या मागे आणखी चार हात वर झाले. या वाक्यावर आमच्या इमारतीतल्या कित्येक सभा शांतपणे तहकूब झालेल्या आहेत, आणि त्यात भांडण कधी होत नाही, कारण पुढच्या वेळी ते वाक्य कोणाला लागेल हे सांगता येत नाही.

मी पोस्टमास्तर. मला राहवलं नाही. लॉगचा कागद काढून वाचला : अमुक तारीख, रात्री नऊ वाजून चार मिनिटं, तमुक पत्ता, '२५०', पत्र स्वीकारलं. एकेकाची तारीख, एकेकाची वेळ. सभागृहात जी शांतता पसरली ती मी कौतुकाची समजलो.

"मग स्पॅममध्ये गेलं असेल," तिसरा मजला हळूच म्हणाला.

आता इथे तांत्रिक बाब अशी की '२५०' म्हणजे समोरच्या सर्व्हरने पत्र घेतलं, एवढंच. पुढे त्याने ते कुठल्या कोपऱ्यात टाकलं हे जगातला कोणताही पोस्टमास्तर सांगू शकत नाही. मी हे सांगताच सगळ्यांचे चेहरे उजळले. चारही हात म्हणाले, हो हो, स्पॅममध्येच! मग ठराव आला : यापुढे नोटीस मेलवर न पाठवता पूर्वीप्रमाणे जिन्याखालच्या फळ्यावर लावावी. फळ्यावरची नोटीस कोणी वाचली याचा लॉग निघत नाही. ठराव एकमताने मंजूर. थकबाकी असलेल्यांनी तर उभं राहून अनुमोदन दिलं.

माणसाला पत्र पाठवायची जितकी हौस, तितकीच ते न मिळाल्याची गरज असते. पूर्वी हे काम पोस्टमन, पाऊस आणि दुसऱ्याच दारात पडलेलं पाकीट मिळून करत. पुढे ते स्पॅमच्या पेटीने अंगावर घेतलं. मेल हमखास पोचवणारा माणूस कोणालाच नको असतो.

सभेनंतर सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं.

"साहेब, एक विचारू? तुमचा तो सर्व्हर आधी जसा बिघडलेला होता, तसा परत करता येईल का? म्हणजे अधूनमधून?"

"तत्त्वात बसत नाही," मी म्हणालो.

"राहिलं. पण रंगकामाची वर्गणी तेवढी तुमच्याकडून यायची आहे. आठवणीचा मेल केला होता गेल्या महिन्यात."

"कधी?" मी म्हणालो. "मला नाही आला."